डावा हात: प्रसूतीत इजा झालेल्या बाळासाठी नागपुरात वकील शोधताना

घरच्यांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. कुटुंब, दवाखाना, डॉक्टर, वकील, कुणाचंच नाव इथे नाही. प्रकरण अजून ग्राहक आयोगापुढे चालू आहे आणि पोरीला उद्या शाळेत जायचं आहे.

मी एकतीस वर्षं लेबर रूममध्ये स्टाफ नर्स होते. निवृत्तीनंतर विधी सेवा प्राधिकरणाची विधी स्वयंसेवक म्हणून काम करते, म्हणजे लोकांचे अर्ज भरून देणं, कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगणं. पारडीची एक आजी सप्टेंबर २०२३ मध्ये, पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, सहा आठवड्यांची नात घेऊन माझ्या घरी आली. सोबत मुलगा आणि सून. मुलगा हिंगण्याच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार, सून घरी शिवणकाम करते.

"बाई, रोज मालीश करून राहिलो आम्ही, पण पोर हातच नाही उचलून राहिली," आजी म्हणाली.

मी बाळाचं झबलं काढलं. उजवा हात सारखा हलत होता, मूठ तोंडाकडे जात होती. डावा हात अंगालगत सरळ पडलेला. कोपर ताठ, मनगट वाकलेलं, तळवा मागे वळलेला, पाठीमागे काही लपवून ठेवल्यासारखा. मी मुद्दाम टाळी वाजवली. दचकून बाळाने उजवा हात पसरला, डावा तसाच राहिला. बोटं मात्र हलत होती. मी अशी बाळं पाहिलेली आहेत. मानेतून हातात येणाऱ्या नसांच्या जुडग्याला, त्यातही वरच्या दोन मुळांना ताण बसला की हात असा पडतो. त्याला अर्ब्स पाल्सी म्हणतात. बाळाचं डोकं बाहेर येतं, खांदा आईच्या हाडामागे अडकतो आणि सोडवताना मान ताणली जाते, तेव्हा बहुतेक वेळा हे होतं.

वडिलांचा पहिला शब्द होता, "सिस्टर, केस टाकाची आहे. वकील सांगा."

मी त्यांना पहिला पत्ता वकिलाचा दिला नाही, मेडिकलचा, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा दिला. याचं कारण सांगते. यातल्या बऱ्याच बाळांचा हात काही आठवड्यांत आपोआप सुधारतो, म्हणून ज्या खासगी दवाखान्यात बाळंतपण झालं त्यांनी "पंधरा दिवसांत येईल" म्हटलं होतं ते अगदीच खोटं नव्हतं. पण तीन महिन्यांपर्यंत कोपर वाकलं नाही, तर नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला दाखवावंच लागतं. शस्त्रक्रिया करायची झाली तर ती पहिल्या वर्षातच, तीही लवकर केलेली बरी. नसेकडून हुकूम येत नसला की स्नायू वाळत जातो. डिस्चार्ज कार्डावर यातलं काही लिहिलेलं नव्हतं. "मसाज, फॉलो-अप सात दिवसांनी", एवढंच. जोरात मालीश करायला आणि हात ओढायला मी त्याच दिवशी मनाई केली. आजी रडली. तिचा दोष नव्हता, तिला तेच सांगितलं होतं.

मेडिकलमध्ये फिजिओथेरपी सुरू झाली. ऑक्टोबरअखेर तीन महिने झाले, कोपर वाकलं नाही. नसांची तपासणी झाली, मुंबईला पाठवलं. विदर्भ एक्स्प्रेसच्या चार वाऱ्या झाल्या आणि सहाव्या महिन्यात, जानेवारी २०२४ मध्ये, बाळाच्या पायातली नस घेऊन मानेतल्या तुटलेल्या नसेला जोडली. सर्जनच्या कागदात "रप्चर" हा शब्द आला, म्हणजे नस नुसती ताणलेली नव्हती, तुटलेली होती. पुढे खटल्यात या शब्दाचं वजन फार पडलं. उपचार वेळेत केले म्हणूनच तो कागदावर आला.

वकील शोधण्याचे तीन प्रयत्न

उपचार चालू असताना वडील थांबले नव्हते, आणि थांबायला मी सांगितलंही नव्हतं.

पहिला माणूस मेडिकल चौकात चहाच्या टपरीवर भेटला. स्वतः वकील नव्हता, "आपले साहेब आहेत" म्हणाला. पन्नास लाख मिळवून देतो, त्यातले तीस टक्के आमचे, आत्ता फक्त दहा हजार आणि दोन कोऱ्या कागदांवर सह्या. वडिलांनी सह्या केल्या नाहीत ते बरं झालं. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणं आपल्याकडे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच बंद आहे, आणि दलालामार्फत काम मिळवणंही. दवाखान्याच्या फाटकावर वकिलीची बोली लावणाऱ्याशी बोलूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुखावलेल्या आईबापांना गाठून आकडा सांगणं हे पाप आहे.

दुसरे खरे वकील होते, फौजदारीतले. त्यांचा सल्ला होता, आधी पोलीस स्टेशन, गुन्हा दाखल झाला की डॉक्टर आपोआप बोलणी करायला येईल. वडिलांना हे पटलं होतं. रागावलेल्या माणसाला पटतंच. पण सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगून ठेवलं आहे की डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी ढोबळ, घोर निष्काळजीपणा लागतो आणि तपास अधिकाऱ्याने कारवाईआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं. साधी चूक तिथे पुरत नाही. शिवाय फौजदारी प्रकरण जिंकलं तरी पोरीच्या पुढच्या वीस वर्षांच्या फिजिओथेरपीची सोय त्यातून होत नाही. धाक दाखवायला गुन्हा नोंदवायचा, हे मला मुळात मान्य नाही.

तिसरा प्रयत्न मी सुचवला. सिव्हिल लाइन्समध्ये न्यायमंदिरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलं, दोघांनाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्तींनाही. पुष्कळ लोकांना वाटतं की हे फक्त तुरुंगातल्या आरोपींसाठी आहे, किंवा पिवळं रेशनकार्ड लागतं. अर्जदार पोरगी आणि तिची आई, म्हणून वडिलांच्या पगाराची स्लिप कुणी मागितली नाही. पैसे घेऊन दिलेल्या उपचारातल्या चुकीची तक्रार ग्राहक आयोगापुढे करता येते, आणि त्या कामासाठीही ही मदत मिळते. नागपूरबाहेरच्या कुणाला विचारायचं असेल तर १५१०० हा राष्ट्रीय प्राधिकरणाचा फोन आहे.

पॅनेलवरच्या एक तरुण वकीलताई मिळाल्या. त्यांनी त्याआधी वैद्यकीय प्रकरण चालवलेलं नव्हतं, आणि ते त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. वडिलांचा चेहरा उतरला. पण त्यांनी पैशांचा आकडा सांगितला नाही, डॉक्टरला शिव्या दिल्या नाहीत. विचारलं ते एवढंच: "फाइल कुठे आहे?" मला त्याच क्षणी वाटलं, हीच बाई हवी.

फाइल

फाइल नव्हती. डिस्चार्ज कार्ड, बेचाळीस हजारांचं बिल आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट, एवढंच घरात होतं. वडील दोनदा तोंडी मागून आले होते. "रेकॉर्ड रूम बंद आहे", "मोठे साहेब आल्यावर".

तोंडी मागितलेल्या गोष्टीचा पुरावा राहत नाही. वकीलताईंनी आईच्या सहीचा अर्ज लिहून दिला: प्रसूतीच्या नोंदी, परिचारिकांच्या नोंदी, बाळाच्या ठोक्यांची पट्टी, बाळाचे कागद, संमतिपत्र, सगळ्याच्या प्रती हव्यात. २००२ च्या वैद्यकीय व्यावसायिक आचरणाच्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि रुग्णाला हा हक्क आहे असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच म्हटलं आहे. अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. सात दिवस काही नाही. मग रजिस्टर पोस्टाने स्मरणपत्र गेलं, त्याची प्रत महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाला. खासगी दवाखान्याची नोंदणी तिथेच होते. एकोणिसाव्या दिवशी एक्केचाळीस पानं मिळाली.

हे नियम कागद तीन वर्षं जपायला सांगतात. आता दुसरी बाजू पाहा. मुदतीचा कायदा अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाला सवलत देतो, अठरा पूर्ण झाल्यावर तीन वर्षांपर्यंत त्याला स्वतः दिवाणी दावा करता येतो. हे ऐकून काही घरं निवांत बसतात, "पोरगी मोठी झाली की बघू". तोवर कागदच उरलेले नसतात. आणि ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षांची. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं आणि ते पटावं लागतं.

फाइल आम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचली. तीन संध्याकाळी लागल्या. त्याआधी वकीलताईंनी एक चांगली गोष्ट केली होती. कागद हातात येण्यापूर्वीच आईला एकटीला बसवून त्या रात्री काय झालं ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. नंतर कागद वाचून आठवण बदलू नये म्हणून. आई म्हणाली होती, "डोकं निघालं म्हणाल्या. मग कुणीच काही बोलेना. मग दोघी जणी माझं पोट वरून दाबून राहिल्या, एक तर स्टुलावर चढली होती."

डॉक्टरांच्या नोंदीत चार ओळी होत्या. नॉर्मल डिलिव्हरी, टाके घातले, बाळ उत्तेजित केल्यावर रडलं, वजन ४.२ किलो. खांदा अडकल्याचा शब्दही नाही. डोकं किती वाजता आलं, अंग किती वाजता आलं, कुठली युक्ती वापरली, काही नाही. खांदा अडकला की आईचे पाय पोटाशी दुमडायचे, ओटीपोटाच्या हाडाच्या वर दाब द्यायचा, मदत बोलवायची आणि एकीने घड्याळाकडे बघून वेळ लिहायची, हे आम्हाला अंगवळणी पाडलेलं असतं. गर्भाशयाच्या माथ्यावरून, म्हणजे पोटाच्या वरच्या भागातून दाबायचं नाही. त्याने अडकलेला खांदा आणखी घट्ट बसतो.

तेविसाव्या पानावर परिचारिकांच्या नोंदी होत्या. निळ्या बॉलपेनाची, तिरपी, घाईतली अक्षरं. रात्री २.४० ची नोंद: "फंडल प्रेशर गिव्हन ॲज पर ऑर्डर." म्हणजे सांगितल्यावरून पोट वरून दाबलं. खाली आद्याक्षरं.

मी चष्मा काढून ठेवला. अशा नोंदी मी आयुष्यभर लिहिल्या आहेत. रात्रपाळीला, उभ्या उभ्या, हातमोजे काढून. त्या मुलीने जे झालं ते लिहिलं, खाडाखोड केली नाही. तिची नोकरी तिथेच असेल तर या ओळीचं तिला काय भोगावं लागलं असेल, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. वकीलताईंना मी एकच विनंती केली, तक्रारीत तिला वैयक्तिक प्रतिवादी करू नका. त्यांनी मानलं. कर्मचाऱ्याच्या कामासाठी दवाखाना जबाबदार असतोच, तिला ओढायची गरज नव्हती.

आणखी एक कागद आईच्या जुन्या रिपोर्टांत सापडला. सव्विसाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी काढलेली साखर, १६३. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार १४० किंवा जास्त म्हणजे गर्भावस्थेतला मधुमेह. त्यात बाळ मोठं होतं, खांद्यांत जाड होतं आणि अडकण्याचा धोका वाढतो. रिपोर्टावर डॉक्टरांची सही होती. पुढे आहार नाही, औषध नाही, साखर परत तपासलेली नाही, शेवटच्या महिन्यात बाळाच्या वजनाचा अंदाज नाही.

तज्ज्ञाचं मत, आणि त्यातला आपल्याविरुद्धचा मुद्दा

प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात तसं सांगितलं आहे. पोटात कात्री राहिली तर वेगळं सांगायला तज्ज्ञ कशाला? पण नसांच्या इजेचं तसं नाही. सगळं नीट करूनही अशी इजा होऊ शकते, अगदी सिझेरियनमध्येही क्वचित होते. नुसतं "हात लुळा झाला म्हणजे चूक झाली" म्हणून गेलो असतो, तर पहिल्या उलटतपासणीत पडलो असतो.

तिघा डॉक्टरांनी नकार दिला. एकाच शहरात राहायचं, एकाच संघटनेत बसायचं, त्यांची अडचण मला कळते, पण पटत नाही. अखेर स्त्रीरोगशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी फाइल ठेवून घेतली आणि महिन्याने साडेतीन पानं लिहून दिली. त्यात त्यांनी लिहिलं की ४.२ किलोच्या बाळासाठी नॉर्मल प्रसूतीचा निर्णय चूक म्हणता येणार नाही. मधुमेह असताना वजनाचा अंदाज साडेचार किलोच्या वर असला तर सहसा सिझेरियनचा विचार करतात. वडील संतापले, "हे आपल्याच विरोधात लिहून राहिले!" पण पुढचे दोन मुद्दे ठाम होते: साखरेचा रिपोर्ट दुर्लक्षित राहिला, आणि खांदा अडकलेला असताना वरून पोट दाबणं स्वीकृत पद्धतीच्या विरुद्ध आहे. वकीलताईंनी सिझेरियनचा मुद्दा तक्रारीतून काढून टाकला. तक्रार दोन पानांनी लहान झाली आणि मला ती पहिल्यांदा भक्कम वाटली.

याच सुमारास दवाखान्यातून निरोप आला होता. तीन लाख रोख, शंभराच्या मुद्रांकावर "आमची काही तक्रार नाही". मुंबईच्या वाऱ्यांनी घरावर दोन लाखांचं कर्ज झालं होतं. वडील दोन रात्री झोपले नाहीत. घेऊ नका म्हणणं मला सोपं होतं, कर्ज माझ्यावर नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. वकीलताईंनी समजावलं की पैसा पोरीचा आहे, आईबापांचा नाही. दिवाणी न्यायालयात अज्ञानाच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची परवानगी लागते ती याचसाठी, आईबाप अडचणीत असतात तेव्हा पोराचं नुकसान होऊ नये म्हणून. तडजोड करायचीच तर आयोगापुढे मध्यस्थीत करू, तिथे नोंद राहील. वडिलांनी नकार कळवला.

तक्रार

नोव्हेंबर २०२४ मध्ये, दोन वर्षांच्या मुदतीच्या आठ महिने आधी, तक्रार दाखल झाली. ऑनलाइन तक्रारीसाठी तेव्हा ई-दाखिल हे पोर्टल होतं, आता ई-जागृती आहे. शीर्षकात पोरीचं नाव, "अज्ञान, तर्फे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ती) आई", आणि सोबत आईवडील स्वतः. मूल आणि आईबाप दोघेही ग्राहक ठरतात आणि दोघांनाही वेगळी भरपाई मिळू शकते, हे १९९८ च्या स्प्रिंग मेडोज निकालापासून स्पष्ट आहे.

कुठल्या आयोगात जायचं यावर बराच गोंधळ असतो. २०१९ च्या कायद्यात हे भरपाईच्या मागणीवर ठरत नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरतं. बिल बेचाळीस हजारांचं, म्हणून जिल्हा आयोग, सिव्हिल लाइन्समधल्या प्रशासकीय इमारतीत. जिल्हा आयोगाची हद्द पन्नास लाखांच्या मोबदल्यापर्यंत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क लागत नाही. हीच प्रसूती मेयोला किंवा मेडिकलला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, सर्वांनाच मिळणाऱ्या मोफत सेवेत झाली असती तर हा मार्ग खुला नव्हता. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने, जिथे कुणाकडूनच पैसे घेतले जात नाहीत अशा सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवल्या. तिथे दिवाणी दावा, आणि सरकारविरुद्ध असल्याने आधी दोन महिन्यांची नोटीस.

रक्कम ठरवायला सर्वात जास्त वेळ गेला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेन्नईच्या एका मुलीला, वेळेत डोळे न तपासल्यामुळे अंध झालेल्या, सुमारे १ कोटी ८० लाख दिले. ते करताना झालेला खर्च आणि पुढचा खर्च वेगळा मांडला, महागाईही धरली. वकीलताईंनी तोच साचा घेतला. त्यासाठी आईने वही घातली. शिवणकामाच्या हिशेबाची दोनशे पानी वही, मागच्या बाजूने सुरू केलेली: तारीख, कुठे गेलो, 'आपली बस' या शहर बसचं तिकीट, फिजिओथेरपीचे पैसे, त्या दिवशी बुडालेली शिलाई. एका पानावर मला दिसलं, "ब्लाउज ४ परत दिले."

दवाखान्याचा लेखी जबाब ४५ दिवसांच्या आत आला. कायद्यात तीस दिवस आणि वाढीव पंधरा आहेत, त्यापुढे सवलत नाही. जबाबात लिहिलं आहे की पोटावर कुठलाही दाब दिलेला नव्हता. वकीलताईंनी प्रत्युत्तराला तेविसावं पान जोडलं. दवाखान्याची विमा कंपनीही आता पक्षकार आहे. कायद्यात निकालाला तीन महिने सांगितले आहेत, प्रत्यक्षात तारखा पडतात. पुराव्याची शपथपत्रं झाली, प्राध्यापकांची लेखी प्रश्नावली बाकी आहे.

मागच्या तान्ह्या पोळ्याला पोरीला लाकडी बैल आणला. वकीलताईंनी दर तीन महिन्यांनी हाताचा व्हिडिओ काढून ठेवायला सांगितलं आहे, म्हणून आईने गल्लीतला तो काढला. पोरगी उजव्या हाताने दोरी ओढते. वळणावर बैल अडतो, तेव्हा डावा हातही दोरीला लावते. कोपर वाकतं, दोरी छातीपर्यंत येते, खांदा तिथेच थांबतो. मग ती सगळं अंग वळवून बैल सोडवते आणि पुढे जाते. आईने वहीत तारीख लिहिली आणि पेन ड्राइव्ह घेऊन न्यायमंदिरात गेली.